हेल्मेटसक्तीच्या आधीचं मेलबर्न

१ जुलै १९९० रोजी रविवार होता. त्या दिवसापासून ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात सायकल चालवणाऱ्या प्रत्येकाला, मग तो पाच वर्षांचा असो की पंच्याहत्तर वर्षांचा, डोक्यावर हेल्मेट घालणं बंधनकारक झालं. सगळ्या वयांच्या सायकलस्वारांना लागू होणारा असा कायदा जगात त्याआधी कुठेच झाला नव्हता. मेलबर्न ही त्या राज्याची राजधानी. मी तिथे १९८६ साली पुण्याहून लग्न होऊन आले, म्हणजे कायद्याआधीची काही वर्षं माझ्या वाट्याला आली. त्या वर्षांबद्दल लिहायचं फार दिवस मनात आहे. नंतर आलेल्यांना ते शहर ठाऊकच नाही, आणि इथे जन्मलेल्या आमच्या मुलांना उघड्या डोक्यानं सायकल चालवणारी माणसं म्हणजे हॉलंडच्या पर्यटन खात्याची जाहिरात वाटते.

मला सायकलचं नवल नव्हतं. माझ्या शाळा-कॉलेजच्या दिवसांत पुणं सायकलींचंच शहर होतं. सकाळी कॉलेजच्या वेळेला टिळक रस्ता आणि लक्ष्मी रस्ता सायकलींनी भरून वाहायचे. लकडी पुलाच्या चढावर दांडीची घोडा सायकल रेटणारे कारकून, मागे कॅरिअरला डबा, आणि त्यांच्यामधून घंटी वाजवत जाणाऱ्या आम्ही लेडीज सायकलवाल्या मुली. पुण्यातल्या मध्यमवर्गीय मुलीला घराबाहेरचं जग एकटीनं दाखवलं ते सायकलनं. नियम तेव्हाही होतेच. सायकलला महापालिकेचा बिल्ला लागायचा. डबल सीटला बंदी, त्यामुळे चौक जवळ आला की मागे बसलेल्या बहिणीनं उडी मारून उतरायचं आणि चौक ओलांडला की पळत येऊन पुन्हा बसायचं. अंधार पडल्यावर दिवा नसेल तर पोलीस चाकातली हवा सोडून देत. पण त्या नियमांपायी कुणी सायकल सोडल्याचं मला आठवत नाही. दिवा सायकलला लावायचा होता. हेल्मेट माणसाला घालायचं असतं, तेही रोज, दुधाची पिशवी आणायला जाताना देखील. हा फरक मला मेलबर्नमध्ये कळला.

आम्ही ब्रन्सविकमध्ये राहायचो. शहराच्या उत्तरेचा हा भाग तेव्हा कामगारवस्तीचा, ग्रीक आणि इटालियन कुटुंबांचा. सिडनी रोडवर ट्राम, तिच्या दोन्ही बाजूंना ऑलिव्ह, डाळी आणि कापडाची दुकानं. भाग बहुतेक सपाट, त्यामुळे सायकलला सोयीचा. एका घरासमोरच्या गॅरेज सेलमध्ये मला जुनी माल्व्हर्न स्टार मिळाली. जशी आपल्याकडे ॲटलस आणि हर्क्युलस, तशी त्यांची माल्व्हर्न स्टार, घराघरांत. त्या सायकलवरून मी रॉयल परेडच्या एल्म वृक्षांखालून शहरात कामाला जायची. अंगात सलवार-कमीज, त्यावर जाड स्वेटर, वेणी कोटाच्या आत खोचलेली. पुढे-मागे युनिव्हर्सिटीत निघालेले विद्यार्थी, कुणाच्या गळ्यात आपल्या फुटबॉल क्लबचा लांबलचक मफलर. शनिवारी क्वीन व्हिक्टोरिया मार्केटला जाऊन कोथिंबिरीची जुडी आणि फ्लॉवर हँडलला लटकवून परत यायचं. इटालियन आजोबा वाइनसाठीची द्राक्षं कॅरिअरला बांधून नेताना दिसत. त्यांच्याकडे बघून मला आमच्या मंडईची आठवण व्हायची आणि परदेशात आल्याचं थोडं कमी जाणवायचं.

सगळ्यात जास्त सायकली पोरांच्या. दुपारी साडेतीनला शाळा सुटली की बीएमएक्सवाल्या मुलांची टोळी गल्लीतून आरडाओरडा करत जायची. शाळेच्या मागे पत्र्याची लांब शेड असे, तिथे सायकली एकमेकींत अडकवून ठेवलेल्या. कोपऱ्यावरच्या मिल्क बारसमोर चार-पाच सायकली जमिनीवर आडव्या पडलेल्या दिसल्या की आत मुलं आइस्क्रीम घेत आहेत हे समजायचं. आई-बापांना मुलांना कुठे पोचवायला लागत नसे. क्रिकेटला, पोहायला, मित्राकडे, सगळीकडे ती आपापली जात आणि अंधार पडायच्या आत आपापली परत येत.

हे सगळं गोड होतं म्हणून सुरक्षित होतं असं मात्र नाही. ट्रामच्या रुळात सायकलचं चाक अडकतं आणि पाऊस पडलेला असेल तर रूळ ओलांडताना ते हमखास घसरतं. उभ्या गाडीचा दरवाजा अचानक उघडतो. दारू पिऊन, भरधाव गाडी चालवणारे तेव्हा आजच्यापेक्षा कितीतरी जास्त होते. १९८९ साली एकट्या व्हिक्टोरिया राज्यात रस्त्यांवर ७७६ माणसं गेली. ही माणसं ज्यांच्या टेबलवर यायची, त्या शल्यचिकित्सकांना हे बघवत नव्हतं. त्यांच्या कॉलेज ऑफ सर्जन्सनं आधी गाडीतल्या पट्ट्यासाठी मोहीम चालवली होती आणि १९७० साली पट्टा सक्तीचा करणारं व्हिक्टोरिया हे जगातलं पहिलं राज्य ठरलं होतं. त्या कायद्यानं खरोखर जीव वाचले. मग तोच न्याय सायकलला लावावा असं त्यांना वाटलं, तर त्यांच्या हेतूवर शंका घ्यायला जागा नाही. लहान मुलाच्या मेंदूला झालेली इजा ज्यानं हातांनी हाताळली आहे, त्यानं हेल्मेटचा आग्रह धरायचा नाही तर कुणी धरायचा?

आणि आधी त्यांनी आग्रहच धरला, सक्ती नव्हे. ऐंशीच्या दशकात स्टॅकहॅट नावाचं जाड कवचाचं हेल्मेट आलं होतं. शाळांमधून सायकल-शिक्षणाचे वर्ग चालत, हेल्मेट घेतलं तर सरकार काही पैसे परत देई, टीव्हीवर जाहिराती लागत. दशकाच्या सुरुवातीला जेमतेम ५ टक्के सायकलस्वारांच्या डोक्यावर हेल्मेट असायचं. मार्च १९९० मध्ये, म्हणजे कायदा लागू होण्याच्या तीन-चार महिने आधी, हे प्रमाण ३१ टक्क्यांवर गेलं होतं. नुसत्या समजावण्यानं सहापट वाढ. हा आकडा मला फार महत्त्वाचा वाटतो आणि तो नेहमी विसरला जातो.

कायदा आल्यावर वर्षभरात तेच प्रमाण ७५ टक्के झालं. डोक्याला मार लागून दगावलेल्या किंवा रुग्णालयात दाखल झालेल्या सायकलस्वारांचे विम्याचे दावे पहिल्या वर्षी ४८ टक्क्यांनी आणि दुसऱ्या वर्षी ७० टक्क्यांनी घटले. सरकारनं हे आकडे अभिमानानं सांगितले आणि जगभरच्या परिषदांत ते दाखवले गेले. न्यूझीलंडनं १९९४ साली तसाच कायदा केला, ऑस्ट्रेलियाच्या बाकी राज्यांनी तर १९९२ पर्यंतच केला होता.

मी मात्र शाळेच्या मागची ती शेड बघत होते. ती रिकामी होत चालली होती. मेलबर्नमध्ये ठरावीक ठिकाणी उभं राहून कायद्याआधी आणि नंतर सायकली मोजल्या गेल्या, त्यात १२ ते १७ वयाच्या मुलामुलींचं सायकल चालवणं ४० टक्क्यांहून जास्त घटलेलं आढळलं. आर्मिडेलच्या डोरोथी रॉबिन्सन या संख्याशास्त्रज्ञ बाईंनी १९९६ साली हाच मुद्दा मांडला: सायकल चालवणारेच कमी झाले तर जखमीही कमी होणार, त्याचं सगळं श्रेय हेल्मेटला कसं द्यायचं? शिवाय त्याच सुमारास राज्यात वेग पकडणारे कॅमेरे बसले, दारू पिऊन चालवणाऱ्यांविरुद्ध जोरदार मोहीम झाली. रस्त्यावरचे एकूण मृत्यू १९८९ च्या ७७६ वरून १९९२ मध्ये ३९६ वर आले. त्यात गाडीवाले होते, पायी चालणारे होते, आणि त्यांच्या डोक्यावर काही कायद्यानं हेल्मेट आलेलं नव्हतं. एकाच वेळी पाऊस पडला, कालवा आला आणि नवं खत घातलं, तर पीक कशामुळे वाढलं हे छातीठोकपणे सांगणं अवघड असतं.

यावरून हेल्मेट बिनकामाचं, असं म्हणणारेही या वादात आहेत. त्यांच्याशी माझं मुळीच जमत नाही. मी ज्या वाचनालयात काम करायची तिथली एक सहकारी पावसात ट्रामच्या रुळावर घसरली. तिचं हेल्मेट मधोमध तडकलं, ती दोन आठवड्यांत कामावर आली. तडकलेलं हेल्मेट तिनं टेबलावर आणून ठेवलं तेव्हा आम्ही सगळ्याजणी गप्प झालो होतो. हेल्मेटच्या आत थर्माकोलच्याच जातीचा फेस असतो. आपटताना तो चिरडतो आणि कवटीला बसणारा धक्का स्वतःवर घेतो. साधारण दीड मीटर उंचीवरून आपटून त्याची चाचणी घेतात, म्हणजे सायकलवरून पडलेल्या माणसाचं डोकं वाचवण्यापुरता त्याचा आवाका असतो, साठच्या वेगानं आलेल्या मोटारीपुढे तो तोकडा पडतो. २०१७ साली सिडनीच्या दोन संशोधकांनी ४० अभ्यास आणि ६४ हजारांहून अधिक जखमी सायकलस्वारांची माहिती एकत्र केली. हेल्मेट घातलेल्यांत डोक्याची गंभीर इजा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी आढळली. अपघात झालाच तर हेल्मेट असलेलं बरं, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. मी घालते. माझ्या नातवाला हेल्मेटशिवाय तीनचाकीवरही बसू देत नाही.

प्रश्न पुढचा आहे. हेल्मेट चांगलं म्हणून ते न घालणाऱ्याला दंड करावा का?

माझी मुलगी कायदा झाल्यानंतर मोठी झाली. सातवीपर्यंत ती सायकलनं शाळेत जायची. मग एक दिवस तिनं बंद केलं. केस चपटे होतात, शाळेत दिवसभर ते बोजड हेल्मेट कुठे ठेवायचं, मैत्रिणी हसतात. “आई, सगळ्याजणी बसनं जातात,” म्हणाली. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीच्या केसांना हसू नये. आम्ही वेण्यांना रिबिनी बांधून, गजरा माळून सायकल चालवली होती. तिला केस आणि सायकल यांतून एक निवडायचं होतं आणि तिनं त्या वयातल्या मुली निवडतील तेच निवडलं. तिच्या वर्गातल्या मुलांचंही तेच झालं. पोलिसानं कुणाला पकडलं नाही, दंड झाला नाही, कुठे नोंद झाली नाही. सायकल गॅरेजमध्ये गेली, एवढंच. कायद्याची ही किंमत कुठल्याही रुग्णालयाच्या नोंदवहीत दिसत नाही, कारण ती वीस-तीस वर्षांनी मधुमेह आणि रक्तदाब होऊन येते. २०१२ साली पीट डी याँग या संशोधकानं हाच हिशेब मांडला: जिथे सायकल चालवणं मुळात बऱ्यापैकी सुरक्षित आहे, तिथे सक्तीमुळे थोडेच लोक सायकल सोडून गेले तरी व्यायाम बुडाल्यानं होणारं नुकसान वाचलेल्या इजांपेक्षा भारी ठरतं. भारतीय वंशाच्या माणसांत मधुमेह किती बळावलेला आहे हे सगळ्यांना माहीत आहे. मेलबर्नमधल्या आमच्या मराठी मंडळींच्या गणपतीत आता गप्पा साखरेच्या गोळ्यांपासून सुरू होतात. ज्या पिढीनं पुण्यात, सांगलीत, कोल्हापुरात रोज सायकल हाणली, तिची मुलं मोटारीत बसून जिमला जातात आणि तिथे एका जागी उभी असलेली सायकल मारतात.

२०१० साली शहरानं निळ्या सार्वजनिक सायकली आणल्या. पॅरिसमध्ये तशी योजना गाजत होती, इथेही गाजेल असं वाटलं होतं. पन्नासेक स्टँड, ६०० सायकली. पण सायकल रस्त्यावर मिळते, हेल्मेट खिशात कोण घेऊन फिरतं? ट्राममधून उतरलेल्या माणसाला मनात आलं म्हणून दोन किलोमीटर सायकल घ्यावी, हाच या योजनेचा जीव, आणि तोच हेल्मेटनं अडकला. मग ५ डॉलरला हेल्मेट विकायची यंत्रं बसवली, सायकलींवर हेल्मेट ठेवून पाहिली. मी युनिव्हर्सिटीजवळच्या स्टँडवरून रोज जायची, तिथे त्या सायकली आपल्या जागी तशाच उभ्या दिसायच्या. नोव्हेंबर २०१९ मध्ये योजना बंद झाली. ब्रिस्बेनच्या तशाच योजनेचंही पुढे तेच झालं.

याच पेचात दुसऱ्या काही ठिकाणी वेगळा निर्णय झाला. मेक्सिको सिटीनं २०१० साली आपली सार्वजनिक सायकल सुरू करताना हेल्मेटसक्ती काढून टाकली. इस्रायलनं २००७ साली केलेला कायदा २०११ मध्ये शहरात सायकल चालवणाऱ्या प्रौढांपुरता मागे घेतला. अमेरिकेतल्या सिएटलमध्ये तर वेगळंच उघडकीला आलं. दंडाच्या पावत्या तपासल्या तेव्हा जवळजवळ निम्म्या बेघर माणसांच्या नावावर निघाल्या आणि कृष्णवर्णीय सायकलस्वारांना गोऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात पकडलं गेलं होतं. २०२२ साली तो नियम रद्द झाला. सिएटलचं नाव इथे मुद्दाम घेते, कारण हेल्मेटनं डोक्याच्या इजा ८५ टक्क्यांनी टळतात हा ज्याचा जगभर आधार घेतला गेला तो १९८९ चा अभ्यास त्याच शहरातला. व्हिक्टोरियात मात्र कायदा तसाच आहे. दंड दोनशे डॉलरांच्या वर. शेजारच्या न्यू साउथ वेल्सनं २०१६ साली तो ७१ वरून थेट ३१९ डॉलर केला. बिनदिव्याच्या सायकलची हवा सोडणारा पुण्याचा पोलीस याच्यापुढे दयाळू वाटतो.

आजचं मेलबर्न सायकलविरहित झालेलं नाही. यारा नदीच्या काठचा रस्ता सुंदर आहे, शहरात वेगळ्या मार्गिका झाल्या आहेत, तरुण आई-बाप पुढे पेटी असलेल्या सायकलीत मुलं घालून नेतात. रविवारी समुद्रकाठच्या बीच रोडवर चकचकीत घट्ट कपड्यांतले सायकलस्वार थव्यानं जातात. वसंत ऋतूत मॅगपाय पक्षी पिल्लांच्या काळजीनं डोक्यावर झेप घेतात, तेव्हा हेल्मेटला प्लास्टिकच्या काड्या उभ्या लावून लोक हिंडतात. त्या दिवसांत मलाही हेल्मेटचा मोठा आधार वाटतो. पण साध्या कपड्यातला, साध्या वेगानं बाजारात निघालेला माणूस गेला. इटालियन आजोबा गेले, त्यांच्या जागी तसं कुणी आलं नाही. सायकल हा पोशाख करून करायचा प्रकार झाला. सकाळी शाळेच्या दाराशी उंच गाड्यांची रांग लागते आणि त्या गाड्या चुकवत चालत येणाऱ्या मुलाला आई हात धरून आणते. हे सगळं एकट्या हेल्मेटनं केलं असं मी म्हणणार नाही. शहर पसरलं, अंतरं वाढली, आई-बाप दोघंही नोकरीला, गाड्या मोठ्या झाल्या. ज्या देशांत हेल्मेटसक्ती नाही तिथेही मुलांच्या सायकली घटल्या आहेत. पण सायकल आधीच मागे हटत असताना कायद्यानं तिला हात दिला नाही, धक्का दिला.

हॉलंडचं उदाहरण सगळे देतात, मीही देते. तिथे रोजच्या सायकलस्वारांत हेल्मेट क्वचितच दिसतं, सक्ती नाही, आणि तरी दर किलोमीटरमागे मरणाचं प्रमाण ऑस्ट्रेलियापेक्षा कमी आहे. त्यांनी डोक्यावर कवच चढवण्याआधी गाड्यांपासून रस्ता वेगळा काढला. आता म्हाताऱ्या माणसांच्या हातात वेगवान इलेक्ट्रिक सायकली आल्यावर तिथले डॉक्टरही हेल्मेट घाला म्हणून सांगू लागले आहेत. ते सांगतात, दंड करत नाहीत. मेलबर्ननंही ऐंशीच्या दशकात हेच केलं होतं आणि ३१ टक्क्यांपर्यंत पोचलं होतं. आणखी दहा वर्षं थांबून बघायला काय हरकत होती?

पुण्याला जाते तेव्हा ‘हेल्मेटसक्ती’ हा शब्द वर्तमानपत्रात हमखास असतो. तो दुचाकीचा आहे आणि तिथे मी सक्तीच्या बाजूनं आहे. साठ-सत्तरच्या वेगानं पळणाऱ्या स्कूटरवर उघडं डोकं म्हणजे आत्मघात आहे, आणि हेल्मेट घालावं लागतं म्हणून स्कूटर सोडून कुणी घरी बसत नाही. सायकल वेगळी. तिचा वेग, तिचा धोका, तिचे फायदे, सगळंच वेगळं. एके काळी सायकलींनी भरलेल्या त्या रस्त्यांवर आता सायकल शोधावी लागते. २०१७ साली महापालिकेनं सायकल आराखडा मंजूर केला, त्याच वर्षाअखेरी भाड्याच्या रंगीत सायकली आल्या आणि दोनेक वर्षांत दिसेनाशा झाल्या. जे थोडे उरले आहेत ते पहाटेचे हौशी, आणि दुसरं वाहन परवडत नाही म्हणून सायकल चालवणारे मजूर, पेपरवाले, वॉचमन. उद्या कुणी पुढारी सायकललाही हेल्मेटसक्ती करा म्हणाला, तर पहिला दंड याच वॉचमनला होईल.

म्हणून दोन्हीकडच्या वाचकांना माझं सांगणं आहे. मुलाला सायकल घ्याल त्याच दिवशी बरोबर हेल्मेट घ्या, डोक्याला नीट बसणारं घ्या आणि पट्टा हनुवटीखाली रोज स्वतः तपासा. पुणेकरांनो, नगरसेवकाकडे हेल्मेटचा कायदा मागू नका. शाळेपर्यंत पोचणारी, गाड्या उभ्या न राहणारी सलग सायकल मार्गिका मागा. आणि व्हिक्टोरियातल्या मराठी मतदारांनो, नॉर्दर्न टेरिटरीनं १९९४ साली प्रौढांना पदपथावर आणि सायकल-वाटांवर हेल्मेटशिवाय जायची मुभा दिली. तेवढी मुभा आपल्या आमदाराकडे मागायला हरकत नाही. मी माझ्या आमदाराला तसं पत्र लिहिलं आहे, तुम्हीही लिहा.